किंचित गोड मोझेल रीस्लिंग: लेबल वाचण्यापासून ग्लासात ओतेपर्यंत

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीस्लिंग (Riesling, याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) घेणाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात. 'फारच गोड निघाली, सरबत प्यायल्यासारखं वाटलं' ही एक. 'नुसती आंबट, लिंबू पिळलेलं पाणी' ही दुसरी. एकाच बाटलीबद्दल, एकाच टेबलावर बसलेल्या दोघांकडून या दोन्ही तक्रारी ऐकू येऊ शकतात. दोष बहुतेक वेळा वाइनचा नसतो. एक तर भलतीच बाटली उचललेली असते, नाहीतर योग्य बाटली चुकीच्या तापमानाला ओतलेली असते.

पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा. हे खोरं आयफेल आणि हुन्सरुक या डोंगररांगांच्या मधोमध, साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पाटीच्या दगडाच्या उभ्या चढांवर द्राक्षं लावलेली असतात. ती सावकाश पिकतात आणि थंड रात्रींमुळे त्यांच्यातलं आम्ल टिकतं. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण ७ ते ९ ग्रॅम आम्ल असतं. इतकं आम्ल एकटं प्यायला जड जातं, म्हणून किण्वन, म्हणजे रस आंबण्याची क्रिया, मध्येच थांबवून किंवा शेवटी थोडा गोड द्राक्षरस घालून काही साखर ठेवली जाते. साखर आणि आम्ल एकमेकांना धरून असतात. खालचा प्रत्येक टप्पा हा तोल ग्लासापर्यंत शाबूत नेण्यासाठी आहे, म्हणून क्रम बदलू नका.

## आधी काय जमवायचं

फ्रीज, एक खोल भांडं किंवा स्वच्छ बादली, भरपूर बर्फ, मीठ, वर किंचित निमुळते होणारे मध्यम ग्लास, बूच काढायचा स्क्रू आणि स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर. शेवटची वस्तू बहुतेक जण टाळतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. पहिल्या दोन-तीन बाटल्यांना ती वापरा, मग हाताला अंदाज येतो.

वाइनसाठी वेगळं कपाट, महागडा डिकँटर, नावाचे ग्लास यातलं काहीही लागत नाही.

## टप्पा १: लेबलावरचा गोडीचा शब्द शोधा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. शब्द रोमन लिपीत छापलेले असतात. दुकानात जाण्यापूर्वी त्यांचं स्पेलिंग फोनमध्ये उतरवून घ्या.

ट्रोकन (trocken) म्हणजे कोरडी. कायद्याने लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. तुम्हाला किंचित गोड हवी असेल तर ही बाटली खाली ठेवा.

हाल्बट्रोकन (halbtrocken) म्हणजे अर्धी कोरडी. आम्ल पुरेसं असेल तर १८ ग्रॅमपर्यंत साखर चालते. जिभेला ही जेमतेम गोड लागते. काहींना तर कोरडीच वाटते.

फाइनहेर्ब (feinherb) हा आपल्या कामाचा शब्द. याला कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही. उत्पादक तो हाल्बट्रोकनच्या आसपासच्या किंवा तिच्याहून थोड्या गोड वाइनला लावतात. पहिल्यांदाच घेत असाल तर इथून सुरुवात करा.

लीब्लिश (lieblich) म्हणजे ४५ ग्रॅमपर्यंत साखर. हा शब्द स्वस्त बाटल्यांवर जास्त दिसतो.

आता खरी गफलत. काबिनेट (Kabinett), श्पेटलेझं (Spätlese), आउसलेझं (Auslese) हे शब्द गोडीच्या पायऱ्या आहेत असं जवळजवळ सगळे धरून चालतात. हे शब्द सांगतात ते तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती ते. रसाची घनता ओक्सले या मापात मोजतात. मोझेलच्या रीस्लिंगला काबिनेटसाठी किमान ७० अंश लागतात, आउसलेझंसाठी ८३. त्या रसातली साखर पुढे पूर्ण आंबू द्यायची की मध्ये थांबायचं, हा उत्पादकाचा निर्णय. म्हणूनच 'काबिनेट ट्रोकन' आणि 'श्पेटलेझं ट्रोकन' अशा कोरड्या बाटल्याही मिळतात. नुसतंच 'काबिनेट' लिहिलं असेल आणि पुढे गोडीचा शब्द नसेल, तर मोझेलमध्ये ती सहसा गोडसरच असते. बऱ्याचदा लिटरला ४० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर.

> सावधान: 'ग्रोसेस गेवेक्स' (Grosses Gewächs) किंवा 'जी जी' (GG) अशी खूण म्हणजे नामांकित मळ्याची कोरडी वाइन. किंमत पाहून 'चांगली असणार' म्हणून उचलाल आणि गोडी शोधत बसाल.

> सावधान: 'पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' हा एक विशिष्ट, नावाजलेला मळा. 'पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग' हे मोठ्या पट्ट्याचं सामायिक नाव, आणि त्यात म्युलर-थुर्गाऊसारखी दुसरी द्राक्षंही येतात. लेबलावर 'रीस्लिंग' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा २: अल्कोहोलच्या आकड्याने पडताळा

गोडीचा शब्दच नसेल, किंवा आयातदाराचा स्टिकर नेमका मागच्या मूळ लेबलावर चिकटवलेला असेल, तर अल्कोहोलची टक्केवारी बघा. हा आकडा बाटलीवर असतोच.

हिशेब सोपा आहे. लिटरमधली साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं. समजा ज्या रसातून ११ टक्के अल्कोहोल होऊ शकलं असतं तो ८.५ वर थांबवला. उरलेले २.५ टक्के गुणिले १७, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर बाटलीत शिल्लक.

मोझेलच्या रीस्लिंगसाठी ढोबळ अंदाज असा:

- १२ टक्के किंवा जास्त: बहुधा कोरडी.
- १० ते ११.५ टक्के: बहुधा हाल्बट्रोकन किंवा फाइनहेर्ब.
- ७.५ ते ९ टक्के: स्पष्ट गोडी, तिला पेलणारं आम्ल.

ढोबळ म्हणायचं कारण, १०.५ टक्क्यांची कोरडी काबिनेटही असते. म्हणून आधी शब्द, मग आकडा. हा हिशेब कॅलिफोर्निया किंवा नाशिकच्या बाटलीला लावू नका. उष्ण हवेत द्राक्षात साखर मुळातच जास्त जमते, त्यामुळे १२ टक्क्यांनंतरही गोडी उरू शकते.

वर्षाकडेही एक नजर टाका. २०२१ चा हंगाम थंड गेला, त्या वर्षीच्या वाइन आम्लाला धारदार आहेत. २०१८ उष्ण आणि कोरडं होतं, तेव्हाच्या जास्त गोलसर लागतात. साखरेचा आकडा सारखा असला तरी २०२१ ची बाटली कमी गोड वाटेल. आंबट सोसत नसेल त्यांनी उष्ण वर्ष घ्यावं. माझा कौल मात्र थंड वर्षाला.

## टप्पा ३: दुकानात बाटली हातात घेऊन तपासा

आपल्याकडे मे महिन्यात हा टप्पा वगळणं परवडत नाही. बूच बाटलीच्या तोंडाच्या पातळीत आहे का, की वर आलंय? गळ्याला चिकट ओघळ आहे का? दोन्हींचा अर्थ एकच, बाटली कुठेतरी तापली होती. काचेतून पाहा. वाइन बुचाच्या बरीच खाली गेली असेल तर सोडून द्या. काउंटरवरच्या उन्हात किंवा दिव्याखाली मांडलेली बाटली नको, आतल्या शेल्फवरची मागून घ्या.

तळाशी पांढरे, चमकदार खडे दिसले तर घाबरू नका. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दिसणारे हे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक आहेत. थंडीत ते खाली बसतात, निरुपद्रवी असतात. काच फुटली असं समजून बाटली परत करणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

## टप्पा ४: घरी ठेवणं

आठवड्याभरात उघडणार असाल तर सरळ फ्रीजमध्ये, दारात नको, खालच्या कप्प्यात. दार सारखं उघडतं आणि तिथलं तापमान हलत राहतं. महिनाभर ठेवायची असेल आणि घरात एसीची खोली नसेल, तरीही फ्रीजच बरा. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेली बाटली म्हणजे मुरांबा करायला टाकलेली बाटली. बुचाची असेल तर आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालेल.

जर्मनीत किंवा इतर थंड देशांत राहणाऱ्यांना तळघर मिळालं तर प्रश्नच मिटला. १० ते १४ अंशांत चांगली काबिनेट दहा वर्षंही सुखाने राहते.

## टप्पा ५: थंड करणं

गोडी आणि आंबटपणा यांतलं कोण पुढे येणार हे तापमान ठरवतं. फार थंड असेल तर जिभेला गोडी कळत नाही, वास दबतो आणि आम्ल एकटं उरतं. तेच ते लिंबूपाणी. कोमट झाली की साखर पसरते, आम्ल मागे पडतं आणि सरबत होतं. सुरुवातीच्या दोन तक्रारी आठवा. त्या प्रत्यक्षात ४ अंशांच्या आणि १८ अंशांच्या तक्रारी आहेत.

ग्लासात ओतल्यावर हवं ते तापमान:

- फाइनहेर्ब, हाल्बट्रोकन आणि तरुण काबिनेट: ८ ते १० अंश.
- सात-आठ वर्षं जुनी काबिनेट किंवा श्पेटलेझं: १० ते १२ अंश.

फ्रीजमधून. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांना असतो. खोलीच्या तापमानाची बाटली तीन तास तरी आत हवी. रात्रभर आत असेल तर ती पिण्यापेक्षा जास्त थंड झालेली आहे. एसीच्या खोलीत १५-२० मिनिटं बाहेर काढून ठेवा. उन्हाळ्यात पंख्याखाली १० मिनिटं पुरे.

घाईत असाल तर. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, वर मूठभर मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडली पाहिजे. अर्ध्या तासात काम होतं, आणि मधूनमधून बाटली हलकेच फिरवली तर त्याआधीच. नुसता बर्फ भरणं ही नेहमीची चूक. खड्यांच्या मध्ये हवा राहते, बाटलीला बर्फ टेकतो तो जेमतेम चार ठिकाणी. थंडी पाण्यातून पोचते.

> सावधान: फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. या वाइनमध्ये अल्कोहोल कमी, म्हणून ती लवकर गोठते. गोठताना फुगते आणि बूच वर ढकलते किंवा काच तडकवते. ठेवायचीच असेल तर फोनवर २० मिनिटांचा गजर लावून.

> सावधान: ग्लासात बर्फ घालू नका. पाणी झालं की साखर आणि आम्ल दोन्ही पातळ होतात, मग उरतं काय?

तपासणी: पहिल्या ग्लासात थोडी ओतून थर्मामीटर बुडवा. ७ अंश दिसले तरी उत्तम, कारण उबदार खोलीत ग्लासातली वाइन बघता बघता दोन-तीन अंशांनी चढते. म्हणून एका वेळी १०० मिलीच्या वर ओतू नका आणि बाटली परत बर्फाच्या पाण्यात ठेवा. ७५० मिलीच्या बाटलीत असे सात ग्लास होतात.

## टप्पा ६: उघडणं

फिरकीचं झाकण असेल तर खालचा धातूचा पट्टा एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. नुसतं वरचं झाकण पिळत बसलं तर कधीकधी पूर्ण पट्टाच फिरत राहतो.

बुचाच्या बाटलीवरचं वेष्टन ओठाच्या खालच्या कडेने कापा, म्हणजे ओतताना वाइन धातूला लागणार नाही. स्क्रू मधोमध रोवा, सरळ फिरवा आणि शेवटचा वेढा बाहेर राहू द्या. बूच आरपार टोचलं तर भुगा वाइनमध्ये पडतो. पडलाच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून ओता, त्यात कमीपणा नाही.

## टप्पा ७: पहिला वास, दुसरा घोट

ग्लास एक तृतीयांश भरा, हलकेच फिरवा, वास घ्या. नवख्यांना खालचे वास गोंधळात टाकतात.

विझलेल्या काडीचा वास. तरुण मोझेलमध्ये नेहमीचा. गंधकामुळे येतो. ग्लास फिरवत पाच-दहा मिनिटं थांबा, जातो.

रॉकेल किंवा पेट्रोलची झाक. वय झालेल्या रीस्लिंगमध्ये टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा हा वास. काही जण त्यासाठीच जुनी बाटली शोधतात, काहींना तो आयुष्यात आवडत नाही. दोष मात्र नाही.

जिभेवर बारीक चुरचुर. किण्वनातला थोडा कार्बन डायऑक्साइड उरलेला असतो. चालतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास. हा खरा दोष, बुचातून आलेला. हवा लागली तरी जात नाही, उलट वाढतो. दुकानदाराला बाटली दाखवा.

शिजलेल्या सफरचंदाचा वास, विटकरी-पिवळा रंग, तोही दोन-तीन वर्षांच्याच बाटलीत. बाटली तापली होती. टप्पा ३ पुन्हा वाचा.

आता घोट. पहिल्या घोटावरून काहीच ठरवू नका. त्याआधी चहा किंवा दात घासलेली पेस्ट तोंडात असेल तर निकाल हमखास चुकतो. दुसरा घोट तोंडात फिरवा, गिळा आणि चार-पाच सेकंद थांबा. तोंडाला पाणी सुटलं का? सुटलं तर आम्लाने साखर धरून ठेवली आहे, तोल बरोबर आहे. ओठ-जीभ चिकट राहिली तर बाटली दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा पाहा. दात आंबले आणि वास काहीच आला नाही, तर ग्लास तळव्यांत धरा आणि थांबा. दोन्ही उपाय करूनही बिनसलं, तर ती बाटली तुमच्या आवडीची नाही एवढंच. पुढच्या वेळी टप्पा २ मधला आकडा एक टक्का वर किंवा खाली घ्या.

## टप्पा ८: जेवणाशी लावणं

नियम एकच पाळा: ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी यांच्यासोबत ही वाइन बिचारी पातळ आणि आंबट होऊन बसते. पाहुण्यांना 'गोड वाइन आहे' म्हणून शेवटी गोडाबरोबर देणं ही आपल्याकडची सर्वांत लाडकी चूक.

तिखटाशी मात्र हिचं जमतं. अल्कोहोल जास्त असलं की मिरचीची आग वाढते. इथे अल्कोहोल कमी आणि साखर थोडी, त्यामुळे आग निवते. मोझेलकाठी लोक ती ट्राउट माशाबरोबर घेतात, आपल्याकडे तळलेली सुरमई किंवा रवा लावलेले बोंबील त्याच जागी बसतात. कुरकुरीत, तेलकट कडेला आम्ल छान कापतं. अळूवडी तर तिच्यासाठीच केल्यासारखी, कारण चिंच-गुळाचा तोल हाही शेवटी आंबट-गोडाचाच. साबुदाणा वडाही झकास लागतो, फक्त उपवासाचं नाव काढू नका. गोव्याची नारळाची आमटी आणि मासे असतील तर फाइनहेर्ब घ्या. पांढऱ्या रश्शाला काबिनेट. तांबड्या रश्शाशी ती टिकते, पण मसाल्यापुढे वास हरवतो, म्हणून तिथे महागडी बाटली वाया घालवू नका.

कारल्याशी आणि मोहरी फेसलेल्या लोणच्याशी जमत नाही. सोलकढीही त्याच वेळी नको. दोन आंबट एकमेकांची चव घालवतात.

> तपासणी: पदार्थाचा घास, मग वाइनचा घोट, मग परत घास. दुसऱ्या घासाला पदार्थ पहिल्यापेक्षा कडू किंवा पाणचट लागला तर जोडी चुकली. अशा वेळी वाइन आधी संपवा आणि जेवण नंतर वाढा.

## टप्पा ९: उरलेली बाटली

झाकण लगेच लावा आणि फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली तर हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. साखर आणि आम्ल दोन्ही असल्याने ही वाइन कोरड्या पांढऱ्या वाइनपेक्षा बरी टिकते. तीन दिवस निश्चिंत, पाच-सहा दिवस बहुधा ठीक. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आणखी दोन दिवस मिळतात.

त्यानंतर वास सपाट झाला की ती तिसऱ्यांमध्ये, म्हणजे शिंपल्यांमध्ये, वापरा. लसूण परतून तिसऱ्या घाला, अर्धी वाटी वाइन ओता, झाकण ठेवा आणि शिंपले उघडताच उतरवा. त्यापुढे आटवत बसाल तर साखर खाली लागते आणि रस्सा काळवंडतो.